पोवळ्याचा कान

"शेपूट पिळू नका त्याचं! पिळून काय व्हनार? त्याच्या पायात जोर न्हाय," ठमाकाकी गोठ्याच्या दारातून ओरडली.

"मंग काय करू? आरती ओवाळू? बसून ऱ्हायला तर खालनं सडंल त्यो," चांगदेव तात्या आतून बोलले.

"सडू दे! मीबी सडतेच हाय त्याच्या पायी."

आश्विन होता. पाऊस सरून आठ दिवस झाले होते आणि उकाडा असा, की सकाळी सातलाच सदरा पाठीला चिकटायचा. खाडीलगतच्या खारात भात पिवळं होऊन उभं होतं. खाडीवरचा वारा चिखलाचा नि कुजलेल्या पाल्याचा वास घेऊन गावात शिरत होता. आमच्या आंबेखारातली सगळी माणसं विळे घेऊन बांधावर गेली होती, मीही निघालो होतो. पण तात्यांचं घर नि माझं घर यांच्यामध्ये नुसतं कुडाचं कुंपण. तिकडचं भांडण ऐकलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती. विळा ओट्यावर टाकला नि गेलो.

पोवळा गोठ्यात बसला होता. अंगानं तांबूस, पोवळ्यासारखा, म्हणून तात्यांनी नाव ठेवलं पोवळा. आता त्या रंगावर राख पडल्यासारखी झाली होती. पाठीचा कणा वर आलेला, खुब्याची हाडं अशी की टोपी अडकवावी. डाव्या कानातला पिवळा बिल्ला तेवढा काल बसवल्यासारखा कोरा दिसत होता.

"कान्हा, बरं झालं आलास," तात्या बोलले. "बांबू घे तिकडचा."

दोघांनी मिळून त्याच्या पोटाखालनं बांबू घातला. "हां, आता," म्हणत उचललं. तात्यांचा खुबा दुखावलेला, त्यांच्या तोंडून बैलाच्याही आधी हुंकार निघाला. पोवळा पुढच्या गुडघ्यांवर आला, थरथरला, नि कसाबसा उभा राहिला. उभा राहिला तो सरळ पाण्याच्या घमेल्यापाशी गेला. घमेलं कोरडं.

काकीनं बादली उचलली नि विहिरीकडं वळली. उजवा हात गळ्यात बांधलेला, प्लॅस्टरात. भादव्यात पोवळ्यानं मान वळवली होती, नुसती माशी हाकलायला, नि मधे काकी सापडली. हात खांबावर आपटला, मनगट मोडलं. त्यानं मारलं नव्हतं. पण मोडलेल्या हाडाला त्याचं काय?

बादली मी तिच्या हातातून घेतली. तशी ती तिथंच दगडावर बसली नि बोलली, "कान्हा, तूच सांग. ह्यांना वाकता येत न्हाय. मला एकच हात. पोरगा कळंबोलीला ट्रेलरवर डायवर, त्यो चार म्हयन्यांनी तोंड दाखवतो. पेंढा मी आनायचा, पानी मी आनायचं, शेन मी काढायचं. नांगराला हाय का ह्यो? न्हाय. गाडीला हाय? न्हाय. मंग कशाला हाय?"

तात्या गोठ्यातून बोलले, "चौदा वर्सं खाल्लंस त्याच्या मानेवर."

"खाल्लं ना! मंग आता त्यानं मला खावं व्हय? सोडून या त्याला कुठंतरी. समदं गाव सोडतंय, तुमीच काय मोठे लागून गेलात?"

 रागानं बोललेलं असतं ते, तिलाही ठाऊक होतं. पण एकदा तोंडातून गेलं.

तात्यांची ही जोडी होती, हरणा नि पोवळा. दोन वर्षांमागं हरणाला पान लागलं, साप चावला, नि तो बांधावरच आडवा झाला. एकटा बैल नि एकटी चप्पल, दोन्ही घरात ठेवून उपेग काय, असं आमच्याकडं बोलतात. त्या सालापासून तात्यांच्या खाचरात माझ्या पुतण्याचा, निकेतचा, टिलर फिरायला लागला. पोवळा माळावर उभा राहून टिलरकडं बघायचा. आधी तात्यांना हसू यायचं, मग येईनासं झालं.

विकावं तर घेणार कोण? बाजारात म्हाताऱ्या बैलाकडं कुणी ढुंकून बघत नाही, नि कापायला द्यायचा नाही हा कायदा. एका गोशाळेत मी स्वतः तात्यांच्या वतीनं विचारलं होतं. जागा नाही, दिवाळीनंतर बघू, असं उत्तर. आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना, तशातली गत. म्हणून मग लोक एकच करत होते. पहाटेच्या पारी टेम्पोत चढवायचं, तळा गावाच्या पुढं इंदापूरच्या रस्त्याला माळ आहे तिथं उतरवायचं, नि मागं न बघता यायचं.

भांडण झालं त्या संध्याकाळी तात्या कुंपणापाशी आले. माझ्याकडं न बघता बोलले, "निकेतला इचार. टेम्पो कवा मोकळा हाय."

तिसऱ्या दिवशी उजाडताना निकेत टेम्पो घेऊन आला. फळी लावली. पोवळा फळीवर चढेना, तेव्हा तात्यांनी मूठभर हिरवं गवत पुढं धरलं नि तो त्या गवतामागनं चढला. काकी बाहेर आली नाही. चुलीपाशी बसल्याचा धूर मात्र दिसत होता.

निकेतनं खिशातून पक्कड काढली. "तात्या, आदी बिल्ला काढून टाकूया."

"कशाला?"

"कशाला काय? बारा आकडी नंबर हाय त्यावर. मोबाईल नुसता समोर धरला की मालकाचं नाव, गाव, फोन, समदं दिसतं. उद्या कुनाच्या शेतात घुसला तर सरळ तुमच्या दारात येतील."

"समदे असंच करतात, तात्या," मी बोललो. हे मी बोललो, ते लपवत नाही.

तो बिल्ला कानातून सुटा होत नाही. आरपार ठोकलेला असतो. काढायचा म्हणजे कान फाडायचा. तात्यांनी पोवळ्याचा कान हातात धरला. तीन वर्षांमागं शाळेच्या पटांगणात जनावरांच्या डॉक्टरीण रुचिका मॅडमनी तो बसवला होता. तेव्हा तात्या सगळ्यांना सांगत फिरले होते, माझ्या आधी माझ्या बैलाला नंबर मिळाला म्हणून. तात्यांकडं फोन नव्हता. मॅडमनी विचारलं तसा त्यांनी सुनेचा, अमिषाचा, नंबर सांगितला होता.

निकेतनं पक्कड पुढं केली. तात्यांनी त्याचा हात बाजूला सारला.

"नको."

"तात्या, अवो..."

"मी त्याला सोडून येतोय. ते एक पाप बास हाय. त्याचं रगात काढून सोडनार न्हाय मी. चल."

माळावर पोचलो तेव्हा दवानं गवत ओलं होतं. पाच-सहा गुरं आधीच रस्त्याच्या कडेला बसलेली. पोवळा उतरला. मला वाटलं होतं तो हंबरेल, टेम्पोमागं येईल. तसलं काही नाही. त्यानं खाली तोंड घातलं नि चरायला लागला. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तात्या टेम्पोत बसताना एवढंच बोलले, "त्याला वाटलं, चरायला आनलाय."

घरी आल्यावर काकीनं विचारलं नाही नि तात्यांनी सांगितलं नाही. तिनं त्या सकाळी सवयीनं बादली भरून गोठ्यात नेली होती. ती तशीच भरलेली तिथं दोन दिवस होती. चौथ्या दिवशी आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. काकी एका हातानं पेंढ्या पुढं सारत होती. मधेच बोलली, "कुठं सोडलात?"

"माळावर. गवात हाय रग्गड."

"नि पानी?"

तात्यांनी पेंढी उचलली नि फळीवर आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. त्या पेंढीत एक दाणा उरला नव्हता, तरी आपटत होते.

दिवाळी गेली. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. अमिषा होती, कळंबोलीहून. आवाज चढलेला.

"कान्हाकाका, तात्यांना द्या फोन. मला पोलिसांचा कॉल आला होता. बोलतात, तुमचा बैल आमच्या ताब्यात हाय, ॲक्सिडेंट झालाय. मी बोलले, माझा कुठला बैल? मी सोसायटीत ऱ्हाते तिसऱ्या माळ्यावर. तर त्यांनी तात्यांचं नाव वाचून दाखवलं, गाव वाचून दाखवलं. बैल तिथं कसा गेला, काका?"

तात्यांना फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला नि नुसते ऐकत राहिले. शेवटी बोलले, "मानूस कसा हाय?" पलीकडून काही उत्तर आलं. तात्या ओट्यावर बसले.

माळाच्या वळणावर पोवळा रस्त्यात उभा होता. वळण घेऊन मोटारसायकल आली. प्रज्योत नावाचा तळ्याचा पोरगा, एकोणतीस वर्षांचा, विजेच्या कामावर जात होता. तो आदळला. मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. माणगावच्या दवाखान्यात होता. पोवळ्याच्या मागच्या पायाला जखम होती. हवालदारानं मोबाईल बैलाच्या कानापाशी धरला, नि कानानं नाव सांगितलं.

आळीतली चार माणसं तात्यांच्या ओट्यावर जमली. निकेत पहिल्यांदा बोलला.

"मी बोल्लो होतो. बोल्लो होतो का न्हाय? आता एकच करा. बैल हरवला बोला. पंधरा दिवस झाले, चरायला गेला तो आलाच न्हाय, आमी शोधतोय. इचारलं तर आमी समदे सांगू."

"व्हय, सांगू की," बाकीचे बोलले. मीही मान हलवली.

तात्यांनी आमच्याकडं बघितलं. "बरं," बोलले. त्यांच्या अंगात नाही म्हणायची ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तळ्याला गेलो, तात्या नि मी. गाडी निघणार तेवढ्यात काकी धावत आली. पदर डोक्यावर, प्लॅस्टरचा हात छातीशी धरलेला.

"तू कशाला गो?" तात्या बोलले.

"मलाबी बघायचाय त्यो."

गाडीत तात्या मधेच पुटपुटत होते. मी कान दिला. "चरायला गेला, तो आला न्हाय. चरायला गेला, तो आला न्हाय." शाळेतलं पोर कविता पाठ करतं तसं.

जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात बदामाच्या झाडाखाली पोवळा बसला होता. मागच्या पायाला पांढरी पट्टी, तिच्यातून पिवळं औषध झिरपत होतं. पंधरा-वीस दिवसांत अजून खंगला होता. आम्ही फाटकातून आत शिरलो तशी त्यानं मान वर केली. काकी सरळ गेली नि त्याच्यापुढं उकिडवी बसली. डाव्या हातानं त्याच्या डोळ्यातली घाण पुसली. तो तिचं प्लॅस्टर हुंगत राहिला.

ओट्यावर रुचिका मॅडम बसल्या होत्या. पातळशा, चष्मा लावलेल्या, सकाळपासून उपाशी असाव्यात असा चेहरा. त्यांच्या शेजारी हवालदार, दत्तात्रेय नाव, हातात फाईल. नि एका बाकावर एक बाई, पन्नाशीची, केस तसेच बांधलेले, पायात दवाखान्यातून घाईनं चढवलेल्या दोन वेगळ्या चपला. ती प्रज्योतची आई, कमळ.

हवालदार बोलला, "चांगदेव तुमीच? हा बैल तुमचा?"

"व्हय."

"नंबर जुळतोच आहे. तिथं कसा पोचला? आंबेखारापासून अठरा किलोमीटर."

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "चरायला..." बोलले नि अडकले. "चरायला..."

कमळबाई बाकावरनं उठली. ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"माझ्या मुलाच्या मांडीत सळी घालनार हायेत. शुद्धीवर आला तवा पयलं काय बोल्ला ठाऊक हाय? बोल्ला, आये, बैल वाचला का? मी बघितला न्हाय त्याला, माझी चूक झाली. त्याची चूक! आनि तुमी सांगा, बाबा. तुमचा बैल तिथं काय करत व्हता?"

 मी पुढं होऊन बोलणार होतो, हरवला म्हणून. तोंड उघडलंही होतं.

काकी झाडाखालनं बोलली, "आमी सोडला त्याला."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"हरवला न्हाय. चरायला गेला न्हाय. टेम्पोत घालून नेऊन सोडला. मीच बोल्ले ह्यांना, सोडून या. माझ्यानं व्हईना. हे बगा," तिनं गळ्यातला हात थोडा वर केला, "पन हात मोडला म्हनून सोडला असंबी न्हाय. थकले मी. एवढंच हाय. ह्यांचं नाव नका लिव्हू, माझं लिव्हा."

"नाव नंबरावर हाय त्याचंच लिव्हायला लागनार, आजी," हवालदार बोलला. पण त्याचा आवाज उतरला होता. फाईल मिटून तो मॅडमना बोलला, "त्या वळनावर अकरा गुरं होती त्या दिवशी. मी एकेकाचा कान तपासला. दहांच्या कानाला नुसत्या चिरा. एकाच्याच कानात बिल्ला. ज्यानं कान कापला न्हाय, तो सापडला."

मी जमिनीकडं बघितलं. बदामाची लाल पानं पडली होती, ती मोजत राहिलो. आंबेखारातून तिथं गेलेला पोवळा काही पहिला नव्हता, नि मी काही गावाबाहेरचा नव्हतो.

तात्या कमळबाईपुढं गेले. हात जोडले. "बाय, तू सांगशील ते करतो."

"काय करनार तुमी? माझ्या मुलाच्या जागी खाटेवर झोपनार?" ती बोलली. मग पोवळ्याकडं वळली. "घेऊन जा त्याला. घरी न्या. पुन्हा त्या वळनावर दिसला, तर मी तुमच्या दारात येऊन बसंन."

माफ केलं असं ती बोलली नाही. पुढंही कधी बोलली नाही. पिशवी उचलली नि माणगावची गाडी धरायला गेली.

रुचिका मॅडमनी मोबाईलवर काहीतरी लिहिलं, नि तात्यांचा अंगठा कागदावर घेतला. "आजोबा, पट्टी दर तीन दिवसांनी बदलायची. मी येईन तिकडं आले की. आणि याला ओल्यात बसवू नका."

न्यायचा कसा? पुन्हा निकेतचाच टेम्पो. निकेत आला तेव्हा तोंड फुगलेलं. "नेताना मी, आनतानाबी मी. बैलाची वरात काढतोय मी." फळी लावली. यावेळी गवत दाखवावं लागलं नाही. पोवळ्यानं तीन पायांवर उडी घेतल्यासारखं केलं नि एकदम चढला. निकेतचं बोलणं मधेच तुटलं. मग सबंध रस्ता त्यानं खड्डे चुकवत, गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली.

त्या गोष्टीचा गावानं काय धडा घेतला, तेही सांगतो. आठ दिवसांत आंबेखारात सात जनावरांचे कान फाटले. विचारलं तर झुडपात अडकून तुटला, कुंपणाला लागून तुटला, कुत्र्यानं ओढला. तात्या सापडले कशामुळं, तर बिल्ल्यामुळं. मग बिल्ला नको, एवढंच सगळ्यांना कळलं. बैल सोडू नये हे कुणाच्या डोक्यात आलं असेल, तर ते तो बोलला नाही.

तात्यांना माणगावच्या कोर्टात दोनदा जावं लागलं. दोन्ही वेळा दिवसभर बाकावर बसून आले. पहिल्या वेळी त्यांचं नाव पुकारलंच नाही. दुसऱ्या वेळी पुकारलं, समज दिली नि सोडलं. दोन्ही वेळा परतताना ते प्रज्योतच्या दवाखान्याशी जाऊन उभे राहिले. पहिल्या वेळी आत जायचा धीर झाला नाही. दुसऱ्या वेळी गेले. प्रज्योत कुबड्या घेऊन चालायला शिकत होता. त्यानं तात्यांना खुर्ची दिली नि बैलाचा पाय कसा आहे विचारलं. कमळबाई खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. तात्यांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मधेमधे थांबत होते, दम लागल्यासारखे.

आणि पोवळा? तो हिवाळा त्यानं काढला. कसा काढला ते काकीला विचारावं. प्लॅस्टर निघालं तरी मनगट वाकडंच बसलं होतं. सकाळी बांबू घालून उठवायचा, दुपारी उन्हात न्यायचा, संध्याकाळी पेंढा पाण्यात भिजवून मऊ करून पुढं ठेवायचा, कारण त्याला दातच उरले नव्हते. काकी त्याला शिव्या द्यायची. "मर की रं मेल्या, किती छळशील," असं रोज बोलायची, नि बोलता बोलता त्याच्या जखमेवरच्या माश्या हाकलायची. सकाळी बांबूच्या दुसऱ्या टोकाला मी असायचो. निकेतनं विहिरीपासून गोठ्यापर्यंत एक पाइप टाकून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही कधी त्याचा विषय काढला नाही.

माघाच्या शेवटी वाल उपटायचे दिवस आले. कोरडी गरमी सुरू झाली, माळ तापून पांढरा पडला. एका सकाळी बांबू घातला तर पोवळा उचललाच जाईना. तात्या बोलले, "ऱ्हाऊ दे आज." काकी वालाच्या मळ्यात गेली नाही. त्याच्या तोंडाशी ओल्या फडक्यानं पाणी लावत बसली. दुपारी त्यानं मान पसरली, नि गेला.

गावच्या माळावर खड्डा खणायचा म्हणजे कातळ फोडायचा. तात्या एकटेच पहार घेऊन गेले होते. मी गेलो, मग निकेत आला, मग आळीतली बाकीची एकेक करून आली. ज्यांच्या गुरांचे कान फाटले होते तेही आले.  पहारीचा आवाज तेवढा. काकीनं हळद-कुंकू आणलं होतं, ते त्याच्या शिंगांना लावलं नि बोलली, "जा. दमलास तू."

फाल्गुनात रुचिका मॅडम लस टोचायला गावात आल्या. घरोघर फिरत होत्या. हातातल्या मोबाईलात गावाची यादी, प्रत्येक जनावराचा नंबर. कुठं बिल्ला नसला की विचारायच्या, नि लोकांची उत्तरं तयार. हरवला. भावाकडं दिला. झुडपात तुटला. त्या लिहून घ्यायच्या, वाद घालायच्या नाहीत. उन्हानं चेहरा लाल झाला होता.

तात्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या तेव्हा मी तिथंच होतो. काकीनं चहा ठेवला. मॅडम बोलल्या, "आजोबा, पोवळ्याची नोंद बंद करायची ना?"

"व्हय."

"कारण विचारतंय इथं. आजार, अपघात, सर्पदंश, वीज पडून..." त्या बोटानं यादी वर सरकवत होत्या. "पायाच्या जखमेनं गेला असं लिहू? अपघात?"

काकी चुलीकडनं बोलली, "न्हाय. जखम भरली व्हती त्याची. म्हातारा होऊन मेला. घरात मेला. असं लिव्हा."

"असं नाहीये यात, काकू." मॅडमनी थोडा वेळ बघितलं. मग 'इतर' दाबलं नि एकेक अक्षर शोधत लिहिलं. लिहून झालं ते तात्यांना वाचून दाखवलं, "म्हातारपण. मालकाच्या घरी." मग स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या, "तालुक्यात वर्षभरात बैलापुढं हे पहिल्यांदा लिहितेय मी."

तात्यांनी टोपी सारखी केली. त्यांची पाठ जरा ताठ झाली.

मॅडमनी यादी पुढं सरकवली नि माझ्याकडं वळल्या. "कान्हाकाका, तुमची गाय झाली टोचून. एक बैल पण दिसतोय तुमच्या नावावर. खैरा, वय अकरा. जिवंत. तो कुठं आहे?"

माझं उत्तरही तयार होतं. दीड वर्ष तयार होतं. समोर तात्या बसले होते, नि काकी चहा गाळत होती.

"न्हाय तो, मॅडम," मी बोललो. "सोडला मी. त्याच माळावर. कान कापून सोडला. पुढं त्याचं काय झालं, मला ठाऊक न्हाय."

मॅडमचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला. त्यांनी यादी खालपर्यंत सरकवून बघितली, पुन्हा वर आणली.

"याला पण यात जागा नाही, काका."

"मंग?"

"मग राहू दे. मेल्याचं ठाऊक नाही, तर मेला कसं लिहू? जिवंतच राहील." त्यांनी मोबाईल बंद करून पिशवीत टाकला.

काकीनं माझ्यापुढं कप सरकवला. माझ्याकडं बघितलं, रागानंही नाही नि दयेनंही नाही.

"घे," बोलली. "निवतोय."